लिटोवा कोणी मोडले?

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मोबाईलवरची एक जाहिरात दाखवली. आफ्रिकेतल्या खेड्यात दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधी. शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना इंग्रजी शिकवायचे, शेवटी प्रमाणपत्र मिळणार. फोटोत एक गोरी मुलगी रंगाचा ब्रश घेऊन उभी आणि भोवती दहा-बारा काळी मुले हसताहेत. विमानभाडे धरून खर्च दीड लाखाच्या पुढे जात होता. या तरुणाचे वडील वीटभट्टीवर काम करत. तो आता समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने विचारले, "दादा, कर्ज काढून जाऊ का?"

वर्गात दोघे-तिघे हसले. आम्हाला हसू आले नाही. आपल्या आजी-आजोबांचे, आई-वडिलांचे फोटो आठवून पाहा. वह्या वाटपाचा फोटो, ब्लँकेट वाटपाचा फोटो, शिलाई मशीन वाटपाचा फोटो. त्या सगळ्या फोटोंत आपण नेहमी घेणाऱ्याच्या जागी उभे आहोत. देणारा मधोमध असतो, त्याचे नाव खाली छापलेले असते आणि आपण 'लाभार्थी' असतो. त्या रांगेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलाला एकदा तरी देणाऱ्याच्या जागी उभे राहावेसे वाटले तर त्यात टिंगल करण्यासारखे काही नाही. पण प्रश्न असा आहे, की ती जागाच मुळात बरोबर आहे का? फोटोतली माणसे बदलली आणि फोटो तोच राहिला, तर आपण काय कमावले?

त्याला दोन वाक्यांत उत्तर देणे आम्हाला जमले नाही. म्हणून हा लेख. यात आम्ही आफ्रिकेतल्या एकाच खेड्याचा इतिहास सांगणार आहोत. आफ्रिका म्हणजे चोपन्न देशांचा खंड, त्याला 'आफ्रिकेतले खेडे' असे एकच नाव देणे हाच पहिला घोटाळा. भारतातल्या सगळ्या खेड्यांना कोणी 'आशियातले खेडे' म्हटले तर आपल्याला कसे वाटेल? तेव्हा खेड्याचे नाव आधी सांगतो : लिटोवा. जिल्हा सोंगेआ, प्रदेश रुवुमा, देश टांझानिया.

रुवुमा हा टांझानियाचा दक्षिणेकडचा कोपरा. रुवुमा नदीच्या पलीकडे मोझांबिक. दार-एस-सलाम शहर रस्त्याने नऊशे किलोमीटरच्या वर. या भागाला सरकारांचा अनुभव कसा होता, ते सोंगेआ या नावातच आहे. सोंगेआ म्बानो हे न्गोनी लोकांचे एक पुढारी. जर्मन वसाहतवाल्यांनी सक्तीने कापूस पिकवायला लावला, कर लादले, वेठबिगार लादली. त्याविरुद्ध १९०५ मध्ये दक्षिण टांगानिकात माजी माजी नावाने ओळखला जाणारा उठाव झाला. १९०६ साली जर्मनांनी सोंगेआ आणि त्यांच्या साथीदारांना फासावर लटकवले. पुढे उभी पिके आणि धान्याची कोठारे जाळून मुद्दाम दुष्काळ पाडला. मृतांचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. त्या शहराला आज फासावर गेलेल्या माणसाचे नाव आहे. आपल्याकडे किती तालुक्यांना असे नाव आहे, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन गेले, ब्रिटिश आले. ब्रिटिशांच्या काळात 'विकास' हा शब्द आला आणि तो बुलडोझरवर बसून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाची टंचाई होती. तेव्हा लंडनमध्ये ठरले, की टांगानिकात लाखो एकर जमिनीवर भुईमूग लावायचा. लष्करातले जुने रणगाडे ट्रॅक्टरमध्ये बदलून आणले. काम सुरू झाले ते कोंग्वा या ठिकाणी. तिथे पाऊस बेभरवशाचा आणि चिकणमाती उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होणारी. पिढ्यानपिढ्या तिथे गुरे राखणाऱ्या गोगो लोकांना हे ठाऊक होते, पण त्यांना विचारतो कोण? १९५१ मध्ये योजना गुंडाळली. ब्रिटिश करदात्यांचे तीन कोटी साठ लाख पौंड बुडाले. पिकवलेल्या शेंगांपेक्षा पेरलेल्या शेंगा जास्त होत्या, असे तेव्हापासून उपहासाने म्हटले जाते.

९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका स्वतंत्र झाला. (१९६४ मध्ये झांझिबारशी जोडणी होऊन टांझानिया हे नाव आले.) ज्युलियस न्येरेरे हे शिक्षक होते, लोक त्यांना आदराने 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणत. नवे सरकार आले तरी विकासाची रीत मात्र जुनीच राहिली. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी सल्ला दिला, की निवडक शेतकऱ्यांना नव्या वसाहतींत बसवा, यंत्रे द्या, वर व्यवस्थापक नेमा. लाखो पौंड त्यात गेले. वसाहतीतला शेतकरी स्वतःला मालक समजेना, तो सरकारी नोकर झाल्यासारखा पगाराची वाट पाहू लागला. १९६६ मध्ये सरकारनेच या वसाहती आवरत्या घेतल्या.

आणि नेमक्या याच वर्षांत, कोणत्याही तज्ज्ञाच्या आराखड्यात नसलेले एक गाव सोंगेआ जिल्ह्याच्या रानात उभे राहत होते.

न्येरेरे यांच्या तानू पक्षाच्या युवक शाखेतली काही पोरे १९६० मध्ये जंगल तोडून एकत्र शेती करायला निघाली. त्यांचा म्होरक्या न्तिंबांजायो मिलिंगा नावाचा तरुण. खिशात पैसा नाही, साठवलेले धान्य नाही. पहिला प्रयत्न फसला, भुकेपुढे बहुतेक जण परत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, या वेळी थोडी तयारी करून. मका लावला, झोपड्या बांधल्या, मग कुटुंबे आली. शेती सामाईक, कामाची वाटणी सभेत, पिकाची वाटणी सभेत, भांडणाचा निवाडाही सभेतच. हे गाव पाहून शेजारच्या भागातल्या लोकांनी अशीच गावे वसवली. या गावांची मिळून रुवुमा डेव्हलपमेंट असोसिएशन ही संघटना झाली. दशकाच्या शेवटी तिच्यात सतरा-अठरा गावे होती. संघटनेने धान्य दळायची गिरणी चालवली, लाकूड कापायची गिरणी चालवली. शेतकऱ्याच्या मालावर दुसरा कोणी कमाई करतो तो टप्पा आपल्या हातात घ्यायचा, हा त्यामागचा हिशेब होता. आया शेतावर असताना लहान मुलांना सांभाळायची आणि खाऊ घालायची सोयही गावाने केली.

या गावात एक ब्रिटिश कुटुंब राहत होते आणि आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचा धागा इथे आहे. राल्फ इबट हे इंग्लंडमधले, बांधकामाच्या खर्चाचे मोजमाप करणारे व्यावसायिक. त्याआधी ते दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, सेंट फेथ्स या मिशनच्या शेतीवर काम करून आले होते. गोरे आणि काळे एकत्र काम करतील अशी ती सहकारी शेती होती, गोऱ्यांच्या राज्यात तिचे टिकणे कठीणच होते. इबट, त्यांच्या पत्नी नोरीन आणि मुले १९६३ च्या सुमारास लिटोवाला येऊन राहिले. दोन आठवड्यांसाठी नाही, काही वर्षांसाठी.

इबट यांचे पद सल्लागाराचे. सल्ला विचारला तर द्यायचा, हिशेब लिहायचे, पत्रव्यवहार करायचा, युरोपातल्या मदत देणाऱ्या संस्थांशी बोलायचे. निर्णय गावाच्या सभेचा. त्यांना एखादी गोष्ट चुकीची वाटली आणि सभेने तीच ठरवली, तर तीच व्हायची. हे लिहायला सोपे आहे. आपल्यापैकी ज्यांनी वस्तीत काम केले आहे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे, की आपल्याला बरोबर उत्तर माहीत असताना लोक चुकीचे ठरवताहेत हे किती वेळा शांतपणे पाहता आले?

आम्हाला पाहता आले नव्हते. दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जण नुकतेच पदव्या घेऊन बाहेर पडलो होतो. एका बौद्धवाड्यात काम सुरू केले. सर्वेक्षण केले, तक्ते भरले. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून पैसे मिळत होते, त्यातून संगणक कक्ष उभारायचे ठरवले. ठरवले म्हणजे आम्ही ठरवले. वस्तीच्या बैठकीत एक आजी उठून म्हणाल्या, "लेकरांनो, आधी मसणवाट्याचा रस्ता बघा. पावसाळ्यात मढं न्यायचं तर गुडघाभर चिखल आन् वर पाटलाच्या बांधावरून जाऊ देत न्हाईत." आम्ही मान डोलावली, वहीत लिहून घेतले आणि संगणक बसवले, कारण रस्त्याला निधी नव्हता आणि संगणकाला होता. उद्घाटनाचा फोटो फार सुंदर आला. दीड वर्षात त्या खोलीला कुलूप लागले. वीजबिल कोणी भरायचे हे कधी ठरलेच नव्हते. रस्ता पुढे बायांनीच मिळवला, तहसीलच्या पायऱ्या झिजवून. त्यात आमचा हातभार अर्ज लिहून देण्यापुरता. खरे तर त्या सगळ्या काळात आमचे उपयोगाचे काम तेवढेच.

पुन्हा लिटोवाकडे येऊ. तिथली शाळा हा स्वतंत्र विषय आहे. सुलेमान तोरोका हे तिथले मुख्याध्यापक. संघटनेच्या इतर गावांतली मुलेही तिथे राहून शिकत. मुले-शिक्षक सगळे शेतात राबत, शाळेचे अन्न बरेचसे शाळाच पिकवत असे. परीक्षेत पहिला येऊन शहरात पळणारा एक मुलगा घडवायचा आणि उरलेल्या तीसांना 'नापास' ठरवून गावाला परत करायचे, ही वसाहतीच्या शाळेची रीत त्यांनी नाकारली. मार्च १९६७ मध्ये न्येरेरे यांनी स्वावलंबनासाठी शिक्षण हे आपले गाजलेले टिपण प्रसिद्ध केले. त्यावर लिटोवाच्या शाळेची छाप होती, असे अनेक अभ्यासक मानतात.

आता इथे आपल्यातल्या अनेकांचे कान टवकारले असतील, आणि टवकारायलाच हवेत. गावातल्या मुलांना गावाच्याच कामाचे शिक्षण, हे वाक्य आपण आधीही ऐकले आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला जातीचे शिक्षण म्हणून झोडपून काढले, १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले. मग लिटोवाचे कौतुक आपण कशासाठी करायचे? फरक असा, की लिटोवात न्हाव्याच्या मुलाने न्हावी आणि चांभाराच्या मुलाने चांभार व्हायचे नव्हते. मुख्याध्यापकाच्या हातातही कुदळ होती. तरीसुद्धा आमची शंका पूर्ण फिटलेली नाही. जिल्हा अधिकाऱ्याचा मुलगा माध्यमिक शाळेत आणि लिटोवाचा मुलगा शेतात, असे चालू राहिले असते तर दोन पिढ्यांनी काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर मिळायला ती शाळा टिकायला हवी होती.

खेड्याबद्दलही तेच. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांची जी चिरफाड केली ती आपल्याला पाठ आहे. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयवाद यांचे ते आगर आहे, असे त्यांनी सुनावले. त्यामुळे कोणी 'प्राचीन ग्रामसमाज' म्हटले की आपण सावध होतो. न्येरेरे यांचा 'उजामा' हा शब्द कुटुंबभाव असा आहे आणि त्यांनीही जुन्या आफ्रिकी कुटुंबाचा आदर्श मांडला. पण त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली, जी आपल्याकडच्या ग्रामस्वराज्यवाल्यांनी तितक्या स्पष्टपणे कधी लिहिली नाही. सप्टेंबर १९६७ च्या समाजवाद आणि ग्रामीण विकास या टिपणात त्यांनी जुन्या व्यवस्थेचे दोन दोष कबूल केले : एक दारिद्र्य आणि दुसरा स्त्रीचे दुय्यम स्थान. खेड्यातल्या बाया पुरुषांपेक्षा जास्त राबतात, हे त्यांनी मान्य केले.

शिवाय लिटोवा हे जुने गाव नव्हतेच. जंगल तोडून वसवलेले नवे गाव होते. तिथे पाटील नव्हता, वतन नव्हते, गावकुसाच्या आत आणि बाहेर असा भेद नव्हता. म्हणून त्याची तुलना गांधींच्या खेड्याशी करू नये. करायचीच तर जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेच्या ठरावाशी करावी. त्या परिषदेत अस्पृश्यांसाठी हिंदू गावांपासून वेगळी, स्वतंत्र गावे वसवावीत अशी मागणी झाली होती. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी ती पुन्हा मांडली आणि जमीन राज्याच्या मालकीची, शेती सामुदायिक, कसायला देताना जात-धर्म पाहायचा नाही, असा आराखडा दिला. आपल्याकडे ते घडले नाही. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले, मागणी होती पडीक जमिनीची. त्याच वर्षी रुवुमाच्या रानात, जिथे जमीन मुबलक होती आणि वर बसलेला जमीनदार नव्हता, तिथे काही शे कुटुंबे सामुदायिक शेती करून दाखवत होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून आपल्या चळवळीत कोणी फारसे वाचले नाही, याची आम्हाला खंत वाटते.

न्येरेरे लिटोवाला येऊन गेले होते, त्यांना ते आवडले होते. ५ फेब्रुवारी १९६७ ला अरुशा घोषणापत्र जाहीर झाले. बँका आणि मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले. नेत्यांनी भाड्याने घरे द्यायची नाहीत, दोन पगार घ्यायचे नाहीत, कंपन्यांचे भागधारक व्हायचे नाही, असे नियम आले. देशभर उजामा गावे वसवायचे ठरले आणि लिटोवा त्याचा नमुना म्हणून दाखवले जाऊ लागले. मिलिंगांना खासदार नेमून दार-एस-सलामला नेले होते, त्यांनी तोच अनुभव देशभर पसरवावा म्हणून. चांगल्या कार्यकर्त्याला बढती देऊन त्याच्या लोकांपासून तोडायचे, हे आपल्याकडेही होते. त्यामागे वाईट हेतू असतोच असे नाही, परिणाम मात्र तोच होतो.

ऑक्टोबर १९६८ मध्ये न्येरेरे यांनी स्वातंत्र्य आणि विकास या विषयावर आणखी एक टिपण लिहिले. त्यातला मुद्दा असा : माणसांचा विकास दुसऱ्याला करता येत नाही, माणसे स्वतःचा विकास स्वतःच करतात. गुरे हाकावीत तसे माणसांना गावात हाकता येत नाही.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते. २४ सप्टेंबर १९६९ ला तानूच्या मध्यवर्ती समितीने रुवुमा डेव्हलपमेंट असोसिएशनवर बंदी घातली. समितीचे अध्यक्ष न्येरेरेच होते. संघटनेची मालमत्ता ताब्यात घेतली गेली, शिक्षकांच्या बदल्या करून त्यांना विखरून टाकले, परदेशी माणसांना जावे लागले. इबट कुटुंब ब्रिटनला परतले.

का मोडले? अधिकृत बोलणे असे होते, की उजामा गावांची जबाबदारी आता थेट पक्ष घेणार, वेगळ्या संघटनेची गरज उरली नाही. परदेशी लोकांच्या प्रभावाचीही कुजबुज होती. या दुसऱ्या मुद्द्यात अगदीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परदेशी पैशाच्या वाटा इबट यांच्यामुळे मोकळ्या झाल्या होत्या. नुकत्याच वसाहतीतून सुटलेल्या देशाने गोऱ्या सल्लागाराकडे संशयाने पाहणे आम्हाला समजते. पण खरे दुखणे वेगळे होते. प्रदेशाचे अधिकारी यायचे, अमुक पीक लावा म्हणून सांगायचे, तंबाखूवरून खटके उडाले. गावकरी म्हणायचे, सभेत ठरवू. साहेबाने सांगितले आणि लोकांनी 'सभेत ठरवू' म्हटले, की साहेबाला काय होते हे आपल्याला शिकवायला नको. वर, अरुशाच्या नियमांनी पक्षातल्या बड्यांची घरभाडी आणि दुसरे पगार बंद केले होते. ज्या गावांकडे बोट दाखवून न्येरेरे त्यांना समाजवाद शिकवत होते, त्या गावांवर राग काढणे त्यांना सोपे होते. न्येरेरे यांच्यावर राग काढता येत नव्हता.

आणि न्येरेरे? त्यांनी पक्ष फुटू देण्यापेक्षा गावे मोडू दिली. आम्ही त्यांचे लेखन वाचतो, त्यांच्याबद्दल आदर आहे. वांशिक भेदाविरुद्ध आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मुक्तिलढ्यांच्या बाजूने ते उभे राहिले, त्याची मोठी किंमत त्यांच्या गरीब देशाने मोजली. पण राजकारणात भक्तीचा मार्ग अधोगतीकडे नेतो, असे २५ नोव्हेंबर १९४९ ला सांगणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. तेव्हा म्वालिमूंनाही सूट नाही. स्वतः लिहिलेले टिपण त्यांनी स्वतःच मोडले.

पुढे जे झाले ते जगाला माहीत आहे. १९७१ च्या नाताळाच्या दिवशी इरिंगा प्रदेशाचे आयुक्त डॉ. क्लेरू यांना सईदी म्वाम्विंडी या शेतकऱ्याने गोळी घातली. वाद सामुदायिक शेतीच्या सक्तीचा होता. म्वाम्विंडीला फाशी झाली. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्येरेरे यांनी जाहीर केले, की १९७६ संपेपर्यंत ग्रामीण भागातल्या सर्वांनी गावात राहायला आलेच पाहिजे, तो आदेश आहे. त्यातून गावे वसवण्याची ती मोहीम झाली. ट्रक आले, माणसे आणि भांडी त्यात भरली, अनेक ठिकाणी मागे परतू नये म्हणून घरे जाळली. एक कोटीहून जास्त लोक सात हजारांहून जास्त गावांत आणले गेले. पाणी कुठे आहे, जमीन कशी आहे, हे न पाहता रस्त्याच्या कडेला रांगेत घरे आखली. दुष्काळ पडला, धान्य बाहेरून आणावे लागले. काही चांगलेही झाले, ते नाकारू नये. शाळा, दवाखाने लोकांच्या जवळ आले, प्रौढ साक्षरतेचे मोठे काम झाले. पण सामुदायिक शेती मात्र कागदावरच उरली. दहा माणसांनी उपाशीपोटी मनापासून उभारलेले लाखो माणसांना ट्रकमध्ये घालून उभारता आले नाही.

यावरून काही जण निष्कर्ष काढतात, की पाहा, सरकारने काही करू नये, सगळे स्वयंसेवी संस्थांवर सोपवावे. ही आम्हाला मान्य नसलेली पळवाट आहे. बाबासाहेबांनी शेती राज्याकडे द्या म्हटले, कारण भारतीय खेड्यात 'गावाने ठरवू द्या' म्हणजे पाटलाने ठरवू द्या. राज्य हवेच, जमीन द्यायला, कायदा लावायला, बलदंडाला आवरायला. लिटोवाचा इतिहास वेगळा प्रश्न विचारतो : ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांच्या सभेला नाही म्हणता येते का? साहेबाला नाही, पक्षाला नाही, मदत देणाऱ्या संस्थेला नाही आणि आपल्यासारख्या शिकलेल्या हितचिंतकालाही नाही. भुईमूग योजनेत गोगो लोकांना नाही म्हणता आले नाही. मोहिमेच्या ट्रकमध्ये बसताना कोणालाच म्हणता आले नाही. लिटोवात आठ-नऊ वर्षे म्हणता आले, आणि त्याचीच शिक्षा झाली. आमच्या संगणक कक्षाच्या वेळी त्या आजींना तोंडाने म्हणता आले, पण त्यांच्या म्हणण्याने काही बदलले नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या तरुणाने जाण्याआधी समजून घ्यावी. पूर्व आफ्रिकेत भारतीय माणूस कोऱ्या पाटीने उतरत नाही. तिथे आपल्याला 'म्हिंदी' म्हणतात. वसाहतीच्या उतरंडीत वर गोरा, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकी अशी रचना होती. गावोगावच्या दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात आणि कित्येक वर्षे त्या दुकानात गल्ल्यावर भारतीय बसलेला असे. कापूस भारतीय व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर घालावा लागू नये म्हणून आफ्रिकी शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या. भारतीयांनी तिथे जातीही नेल्या, जातवार मंडळे काढली. इकडे आपल्या देशात २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली, ती दृश्ये सगळ्यांनी पाहिली. 'आम्ही पण पीडित आहोत, आम्ही तुमचे भाऊ' हे आपल्याला मनापासून वाटते आणि ते खोटे नाही. पण समोरच्या गावाला आपल्या कपाळावर जात दिसत नाही, म्हिंदी दिसतो. ते नाते पहिल्या दिवशी सांगून तयार होत नाही. तिथली भाषा शिकून, सभेत मागे बसून, सांगितलेले काम करून काही वर्षांनी झाले तर होते.

हे सगळे आम्ही त्या तरुणाला गेल्या रविवारी सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, त्या गावाने माणूस मागितला आहे का, हे जाहिरातीत कुठे लिहिलेले असते?" आम्ही दोघांनी मोबाईल पुन्हा उघडला आणि जाहिरात वरपासून खालपर्यंत वाचली. शुल्क, विमा, घ्यायच्या लसी, विमानतळावरून नेण्याची सोय, शनिवार-रविवारची जंगल सफारी, सगळे नीट लिहिले होते. गावाचे नाव नव्हते.